सोबतीला कोण बसणार

मंगळवार, ९ जानेवारी २०२४

नऊ तारीख, म्हणून उपजिल्हा रुग्णालयात तपासणीला गेले. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांतून गरोदर बायांची खास तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासूनची ही तारीख. बाकावर अवसरीच्या, कळंबच्या, लोणीच्या बाया होत्या. दोघी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाहून पहाटे निघून आलेल्या. माझे चौतीस आठवडे भरले. रक्त अकराच्या वर, बी.पी. ठीक, बाळाचं डोकं खाली.

बाकावर एकीचं दुसरीला तेच विचारणं चाललं होतं, नॉर्मल होईल ना? पण नॉर्मल व्हावी म्हणून आपण नेमकं करायचं काय, हे त्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. चाकणला असताना पुण्यातल्या एका बाळंतपणाच्या क्लासची चौकशी केली होती. दर रविवारी, जोडीनं यायचं. ह्यांच्या कंपनीच्या शिफ्टमध्ये ते बसेना आणि फीही झेपणारी नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मंचरला आले. इथून पुणे साठ किलोमीटर, तेव्हा तो विषय संपला.

आता ठरवलंय, क्लास नाही तर नाही. तिथे शिकवतात काय, ते एकेक करून समजून घ्यायचं आणि घरात शिकायचं. या वहीत तेवढंच लिहायचं.

शुक्रवार, १२ जानेवारी

आज जिजाऊ जयंती. सकाळपासून चौकात लाउडस्पीकर. इथून शिवनेरी तासाभराच्या वाटेवर. शाळेच्या प्रत्येक सहलीत तो पाळणा पाहिला, शिवाईचं देऊळ पाहिलं. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख झोपेतही सांगता येते. पण त्या गडावर, धामधुमीच्या दिवसांत, त्या बाईनं कळा कशा काढल्या असतील, तिच्याजवळ कोण बसलं असेल, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आज पहिल्यांदा मनात आलं.

दिवसभर वाचलं. कळ म्हणजे काय हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळतंय. गर्भाशय हा स्नायू. कळ येते तेव्हा त्याचा वरचा भाग आवळतो आणि खालचं तोंड वर ओढलं जातं. आधी ते पातळ होतं, मग उघडू लागतं, दहा सेंटिमीटरपर्यंत. पहिलटकरणीला आधीचं पातळ होणंच पुष्कळ वेळ खातं. ऐन भरातली कळ मिनिटभराची, आणि तेव्हा त्या तीन-चार मिनिटांच्या अंतरानं येतात. हिशेब मांडला तर तासाभरात दुखणं पंधरा-वीस मिनिटांचं. उरलेली चाळीस मिनिटं मोकळी. हे वाचून मी उठून उभीच राहिले. आजवर मला वाटायचं की बाळंतपण म्हणजे एकदा सुरू झालेलं आणि सुटका होईपर्यंत न थांबणारं दुखणं. तयारी करायची ती त्या चाळीस मिनिटांत अंग सैल सोडता येण्याची.

आणखी एक. 'तासाला एक सेंटिमीटर' हा हिशेब पुष्कळ वर्षं धरला गेला. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून जो आलेख काढला, त्यावरून तो आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगून टाकलं की हा वेग सगळ्या बायांना लावणं बरोबर नाही. जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून मोजायचा, आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर उगीच घाई करू नये. हे दोन आकडे, पाच आणि बारा, वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. आईनं हळदीकुंकवाला बाया बोलावल्या होत्या. पोट दिसल्यावर प्रत्येकीला आपलं बाळंतपण आठवलं. कुणाच्या दोन रात्री गेल्या, कुणाचं पाणी आधीच गेलं, कुणाला टाके किती पडले. तिळगूळ हातात धरून मी ऐकत होते आणि हातपाय गार पडत होते. आजी ओसरीवरून ओरडली, "पोरीला भिववू नगा गं!"

मग मीच विचारायचं ते बदललं. किती दुखलं, हे नको. दुखताना बरं कशानं वाटलं, ते सांगा. आधी सगळ्या गप्प झाल्या. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग हळूहळू निघालं. एक म्हणाली, व्हरांड्यात चालत राहिले तोवर बरं होतं, आडवी झाले आणि सहन होईना. एकीला गरम पाण्याची पिशवी कंबरेला लावलेली आठवली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, एका आयाबाईनं माझा हात धरला होता, तिचं तोंड आजही डोळ्यांपुढे आहे, नाव नाही माहीत. एक म्हणाली, मी ओरडले तेव्हा बरं वाटलं, पण ओरडले म्हणून सासू आठ दिवस बोलली नाही.

चालणं, शेक, हात, आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या सूचना काढून पाहिल्या, तर त्यातही हेच आहे. हिंडतंफिरतं राहावं, हवं त्या स्थितीत बसावं, मालीश, गरम शेक, श्वास, अंग सैल सोडण्याचा सराव, आणि आपल्या पसंतीचं माणूस जवळ. आमच्या ओसरीवरच्या बाया काही चुकीचं बोलत नव्हत्या.

शनिवार, २० जानेवारी

हे आले. रात्री जेवणं झाल्यावर सराव केला. फ्रीजमधला बर्फाचा खडा मुठीत धरायचा, मिनिटभर. पहिल्या वेळी मी दात आवळले, खांदे वर गेले, श्वास कोंडला, आणि पंधराव्या सेकंदाला खडा टाकून दिला. दुसऱ्या वेळी नाकानं आत आणि तोंडानं सावकाश बाहेर, बाहेर सोडायला दुप्पट वेळ. जबडा सैल, तळहात सैल. बर्फ तितकाच गार होता, पण मिनिट निघालं. बर्फ म्हणजे बाळंतकळा नव्हे, हे मला कळतं. पण दुखणाऱ्या जागेपासून बाकीचं अंग वेगळं काढता येतं, हे हाताला समजलं.

ह्यांना पाठ दाबायला शिकवलं. कंबरेखाली, दोन खळ्यांच्या मधल्या हाडावर तळहाताची टाच ठेवून सगळं वजन टाकायचं. चोळायचं नाही, दाबून धरायचं. बाळाचं डोकं जेव्हा आईच्या माकडहाडाकडे रेटतं, तेव्हा कळ पोटात कमी आणि पाठीत जास्त येते, आणि हा दाब तेव्हा उपयोगी पडतो. हे आधी भीत भीत दाबत होते. जोरात, म्हटलं, अजून जोरात.

मंगळवार, २३ जानेवारी

आजीनं माळ्यावरचं जातं काढायला लावलं. नवव्या महिन्यात दळायला बसायचंच, असं तिचं म्हणणं. आशाताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, बी.पी. चांगलं आहे, दमेपर्यंत करू नको, बाकी बस खुशाल. पाय पसरून बसले, खुंटा धरला. पुढे जाताना श्वास बाहेर, मागे येताना आत. कंबर आपोआप गोल फिरते. मग आजी गायला लागली. ओवीची ओळ लांब असते, एका श्वासात संपवायची, म्हणजे श्वास सोडणं आपोआप लांबतं. आवाज घशातून नाही, पोटातून. मी तिच्या मागून म्हणू लागले आणि दोन ओव्यांत माझे खांदे खाली आले. बर्फाच्या खड्यावर जे शिकले, ते इथे आधीपासून होतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांत लेकीच्या माहेरपणाचं, बाळंतपणाचं किती आहे! आजीच्या ओव्या कुणी लिहून घेतलेल्या नाहीत. रोज थोड्या मी घेणार आहे.

शनिवार, २७ जानेवारी

काकी आली, कुरवंडीहून बटाटे घेऊन. सातगाव पठारावरचं तिचं माहेर. तिला तीन मुलं. पहिला मुलगा १९९२ चा, घरी, सुईणीच्या हातचा. पुढचे दोघे दवाखान्यात.

मी तिला सहज म्हटलं की पूर्वीच्या बायांना इतकं दुखत नसेल, अंगमेहनतीची सवय होती. ती ताडकन म्हणाली, "कुणी सांगितलं तुला? मला दुखलं. माझ्या आईला दुखलं. आढ्याला दोर बांधला व्हता, त्यो धरून मी उकिडवी बसायची अन् सुईण पाठीला गुडघा लावायची. पहाटं सुटका झाली. दुपारी मी भाकरी केल्या, कारण करणारं कुणी नव्हतं. न्हाय दुखलं म्हणून न्हाय केल्या."

हे वाक्य तिच्या शब्दांत उतरवून ठेवलं, कारण भीमाशंकरच्या बाजूच्या ठाकर आणि महादेव कोळी बायांबद्दल असंच बोललेलं मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणे त्या रानात बाळंत होतात आणि पोर पाठीला बांधून चालू लागतात. जिला आराम मिळाला नाही तिला दुखलंच नाही, असं म्हणायची ही सोय आहे.

मग काकीला विचारलं की उकिडवं बसून उपयोग होतो का. ती म्हणाली, "खाली जायला वाट मिळती." पुस्तकही तेच सांगतं. उकिडवं बसलं की कटिराचं खालचं तोंड थोडं मोठं होतं, आणि उभं राहिलं, चाललं तर कळांचा पहिला टप्पा तासाभरानं कमी होतो. जमेल तितका वेळ आता खाली बसूनच भाजी निवडते.

मंगळवार, ३० जानेवारी

वाचनाचा दिवस. एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिलं आणि गदारोळ झाला. प्रसूतीच्या कळा देवानंच नेमून दिल्यात, त्या थांबवायच्या नाहीत, असं म्हणणारे पुष्कळ होते. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं आणि पुष्कळांची तोंडं बंद झाली. पुढे ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ च्या पुस्तकात उलट बाजूनं मांडलं: भीतीनं अंग आवळतं, आवळल्यानं जास्त दुखतं, दुखल्यानं भीती वाढते. 'नैसर्गिक बाळंतपण' हा शब्दच त्यांच्या त्या पुस्तकानं रूढ केला. फ्रान्सच्या फर्नां लमाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन श्वासाची पद्धत पाहिली आणि पॅरिसला आणली. आज जगभरच्या क्लासांत जे शिकवतात, त्याची मुळं या दोघांत आहेत.

भीतीचं ते चक्र मला पटतं. संक्रांतीला माझे हातपाय गार पडले तेव्हा मी ते अनुभवलं. भीतीनं ॲड्रेनॅलिन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन मागे पडतं, हे आता शरीरशास्त्रही सांगतं. पण डिक-रीड पुढे जाऊन म्हणतात की भीती गेली तर निरोगी बाईला फारसं दुखणारच नाही, आणि दाखला देतात तो 'आदिम' बायांचा. इथे मी थांबते. काकी घाबरलेली नव्हती आणि तिला दुखलं. दुखणं खरं आहे. ते दुखणं अंगावर घेणं म्हणजे काही मोठेपणा नाही, आणि सोसवलं नाही तर त्यात कमीपणाही नाही. पाठीच्या मणक्यात देतात ती एपिड्युरलची भूल मागणाऱ्या निरोगी बाईला ती द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. त्यासाठी भूलतज्ज्ञ रात्रंदिवस हाताशी लागतो, म्हणून तालुक्याच्या गावी ती सहज मिळत नाही. मिळाली असती तर मी घेतली असती की नाही, मला सांगता येत नाही.

आनंदीबाई जोशींचं आठवलं. चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत बाळ गेलं. १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी डॉक्टरकीसाठी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. कल्याणला जन्मलेल्या त्या मुलीनं दुसरा कुठला विषय घेतला असता?

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

तपासणी. डोकं खाली, बाळ साधारण पावणेतीन किलोचं. आज प्रश्नांचा कागद करून नेला होता. कळांत मला चालता येईल का? पाणी पिता येईल का? कुशीवर राहता येईल का? सिस्टरनी शांतपणे एकेकाचं उत्तर दिलं. बाळाचे ठोके चांगले असले तर चाला, पाणी प्या, आम्ही अधूनमधून ठोके ऐकू, दर चार तासांनी आतून तपासू.

शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा. सोबतीला कोणी राहू शकेल का? वाचलं होतं की केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला मान्यता दिली. अटीही आहेत. नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः कळा सोसलेली. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, डॉक्टर-नर्सच्या कामात मध्ये येऊ नये, दुसऱ्या बाळंतिणीकडे जाऊ नये. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही चालतो. सिस्टर म्हणाल्या, एक बाई आणा, एकच, आणि ती रडणारी नको.

सोबतीचा उपयोग किती, यावर २०१७ साली एक मोठा आढावा आला. १७ देशांतल्या पंधरा हजारांवर बायांच्या नोंदी. ज्यांच्याजवळ शेवटपर्यंत कोणीतरी थांबलं, त्यांची आपोआप सुटका व्हायचं प्रमाण जास्त, सिझर कमी, दुखण्यावरची औषधं कमी, कळांचा वेळही थोडा कमी. या साऱ्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. महिनाभर मी श्वास आणि बसण्या-उठण्याच्या मागे आहे, पण आता वाटतं की तयारीतली पहिली गोष्ट हीच असायला हवी होती.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी नाही." मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सिझरची, धाकटा भाऊही सिझरचा. आईला कळा माहीतच नाहीत.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

गणेश जयंती. आई लेण्याद्रीला जाऊन आली. गिरिजात्मजाचा डोंगर गुडघे दुखत असताना चढली. संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावता लावता बोलली. इतकी वर्षं कधी बोलली नव्हती.

मी पोटात आडवी होते. डोकं एका कुशीला, पाय दुसऱ्या. दिवस भरले तरी फिरले नाही. पुण्याला नेऊन सिझर केलं. घरी आल्यावर तिला ऐकावं लागलं की हिला बाळंत होता आलं नाही, हिचं आयतं काढलं. बाया एकत्र बसून कळांचं बोलू लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात जायची. संक्रांतीलाही चहा करायला आतच होती. मी त्यांना हौसेनं प्रश्न विचारत होते आणि ती आत होती.

आजी ऐकत होती. ती उठून जवळ येऊन बसली आणि तिच्या धाकट्या नणंदेचं सांगितलं. तिचंही आडवं होतं. दोन दिवस अडली. आधी बाळाचा हात बाहेर आला. बैलगाडीत घातली घोडेगावला न्यायला, पावसात ओढा चढला होता, पलीकडे जाता आलं नाही. एकोणीस वर्षांची. आजी आईकडे बघून म्हणाली, "तुझं पोट फाडलं म्हणून ही माझी नात हाय." सुनेशी इतकं थेट बोलताना मी आजीला पाहिलं नव्हतं. आई रडली, आणि मीही.

मूल शेवटपर्यंत आडवंच राहिलं, तर दुसरा रस्ता नाही. आज महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात; २०१८-२० च्या मोजणीत लाखामागे ३३ माता दगावल्या, देशात केरळनंतर सगळ्यात कमी. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला पैसा लागत नाही, सिझरलाही नाही. हे मिळवलेलं आहे, ते सोडून मला आढ्याच्या दोराकडे जायचं नाही. त्याचबरोबर हेही खरं की २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली आणि सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. बायांची शरीरं दवाखाना बघून बदलत नाहीत. हे दोन्ही मनात एकत्र ठेवायचं. गरज नसताना नको आणि गरज असली तर एका क्षणाचाही वाद नको.

सोबतीला काकी येणार, हे ठरलं. तिच्यासाठी केलेल्या कागदावरचं शेवटचं कलम आज लिहिलं. सिझर करावं लागलं, तर काकीनं मला एकच सांगायचं, की मी काही चुकवलेलं नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. रात्रभर हायवेवरून शिवनेरीच्या ज्योती घेऊन पोरं पळत होती. घोषणा, मागे टेम्पो, झोप कुठली. दोनच्या सुमारास पोट आवळू लागलं. उठून अंगणात फिरले, कोमट पाण्यानं अंघोळ केली, तासाभरात थांबलं. खोट्या कळा. खऱ्या असत्या तर चालण्यानं वाढल्या असत्या, जवळजवळ येत गेल्या असत्या.

बॅग भरलेली आहे. १०२ चा नंबर भिंतीवर आहे. त्याखाली आईनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाट न पाहता निघायचं कधी: रक्त गेलं तर, पाणी गेलं तर, पाणी हिरवट असलं तर तातडीनं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर, फिट आली तर, ताप चढला तर, बाळाचं फिरणं कमी झालं तर.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

तारीख परवाच गेली. आज दवाखान्यात दाखवून आले, बाळाचे ठोके, पाणी, सगळं ठीक. बरोबर दिलेल्या तारखेला वीसातलं एखादंच मूल येतं. काकी राहायला आली आहे.

बुधवार, २८ फेब्रुवारी

मुलगी झाली, सोमवारी दुपारी. दोन किलो आठशे.

रविवारी रात्री सुरू झालं. पहाटेपर्यंत घरीच राहिलो, काकी घड्याळ बघत होती. मधल्या वेळात मी पेज प्यायले, थोडी झोपलेही. पाच मिनिटांवर आल्यावर निघालो. दवाखान्यात तपासलं तेव्हा चार सेंटिमीटर. पुठ्ठ्यावरचा पाचाचा आकडा आठवला म्हणून घाबरले नाही. खरं काम अजून सुरूच व्हायचं होतं.

व्हरांड्यात चाललो. कळ आली की मी खिडकीचा गज धरून वाकायची आणि काकी पाठीवर वजन टाकायची. श्वास सोडताना आजीची ओवी येत नव्हती, नुसता लांब 'ऊ' येत होता. तोही पुरला. कळ गेली की काकी म्हणायची, "खांदं." मी खांदे सोडायची. एवढा एकच शब्द, सकाळभर.

दहाच्या पुढे सगळं मोडलं. श्वास, बर्फ, आकडे, वही, काहीच आठवेना. मी ज्याची कल्पना केली होती त्यापेक्षा ते फार मोठं होतं. पाय थरथरत होते, उलटी झाली. मी म्हणाले, मला नाही जमणार, सिझर करा, मला घरी जायचंय. काकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे म्हणायची येळ आली म्हंजे जवळ आलं. मीबी म्हणलं व्हतं." सिस्टरनी तपासलं तर नऊच्या वर. तयारीतलं काही त्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. जे होतं ते सगळं काकीजवळ होतं. तिनं माझ्याबरोबर सगळं ऐकलं होतं, आणि मी विसरले तेव्हा तिला आठवत होतं.

जोर कुशीवर राहून लावला, काकीनं वरचा पाय धरला. डोकं बाहेर येताना सिस्टर म्हणाल्या, आता जोर नको, नुसते फू फू करा, आणि तेवढ्या श्वासाचा सराव मला आयत्या वेळी सापडला. मुलगी छातीवर ठेवली, नाळ लगेच कापली नाही, तिचं धडधडणं थांबेपर्यंत थांबले. टाके दोन. आई दाराबाहेर होती, तिला मुलगी पहिल्यांदा काकीनं दिली.

दुखलं. खूप दुखलं. पण मी एका क्षणालाही एकटी नव्हते. पलीकडच्या खाटेवर एक मुलगी होती, माझ्याहून लहान, तिच्याबरोबर आलेली म्हातारी दम्याची, आत थांबू शकली नाही. ती मुलगी पडद्यापलीकडून काकीचा आवाज ऐकत होती. दुसऱ्या बाळंतिणीकडे जायचं नाही ही अट काकीनं पाळली. पण दर कळेला ती "खांदं" जरा मोठ्यानं म्हणायला लागली.

शनिवार, २ मार्च

काल पाचवी झाली. अळिवाची खीर, शेक, दूध उतरायला लागलंय. आशाताई बाळाचं वजन करायला आल्या. त्यांना म्हटलं, नऊ तारखेला बाया तासन्तास बाकावर बसतात, तेव्हा त्यांना हे कुणी का सांगू नये? कळ मिनिटाची असते, मध्ये उसंत असते, चालता येतं, सोबत आणता येते, आणि ती सोबत आतापासून ठरवून तिलाही शिकवायचं. त्या म्हणाल्या, मी विचारून बघते, तू ये. मी सव्वा महिना घराबाहेर पडणार नाही, आजीपुढे ते चालायचं नाही.

आज त्यांचा निरोप आला, परवानगी आहे. काकी जाणार आहे. मी तिला कागद करून देते म्हटलं तर म्हणाली, कागद कशाला, पाठ कुठं दाबायची ते करूनच दाखवावं लागतंय. त्यासाठी एक बाई लागेल, पुढे वाकून उभी राहणारी. आई चुलीपाशी होती. "मी येते," म्हणाली.